आगंतुक रुग्ण आणि संघाची अक्षयनीवी

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव ऊस आणि हळद पिकविणाऱ्या टापूत वसलेले आहे. टोकाई सहकारी साखर कारखान्याच्या नावाशी या गावाचे नाव जोडले गेले. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला म्हणजे या सबंध परिसरात माणसांचे दोन प्रवाह एकाच वेळी वाहू लागतात. हिंगोली जिल्ह्याच्या वाड्या-तांड्यांतील कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातात. आणि जेथे ऊस उभा असतो तेथे परगावच्या टोळ्या येऊन फडाच्या कडेला कोप्या बांधतात. दोन्ही प्रवाहांतील माणूस एकाच जातकुळीचा आहे. आपल्या गावी तो रहिवासी असतो आणि दुसऱ्याच्या शिवारात तोच आगंतुक ठरतो.

हा आगंतुक आजारी पडला म्हणजे काय होते, हे ऊसपट्ट्यातील वाचकांस सांगण्याची गरज नाही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. दोघांपैकी एक जण तापाने पडला की अख्खा कोयता बंद पडतो, मुकादमाच्या वहीत खाडा लागतो आणि खाड्याची रक्कम उचलीच्या कर्जात चढते. म्हणजे दिवसाची मजुरी बुडते आणि वर दंडही होतो. म्हणून सरकारी दवाखाना मोफत असूनही तेथे जाणे त्याला परवडत नाही. गरोदर स्त्रीची नोंद तिच्या मूळ गावच्या उपकेंद्रात राहिलेली असते, बालकाच्या लसीकरणाचे कार्ड घरच्या पेटीत असते, आणि कोपीला घरक्रमांक नसल्यामुळे येथल्या कोणत्याच वहीत त्या कुटुंबाचे नाव चढत नाही. अशा माणसाच्या आजारपणाची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न आज शासन, कारखाना, मुकादम आणि गाव एकमेकांकडे ढकलीत आले आहेत. बौद्ध परंपरेने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिलेले आहे आणि त्यातील एक महत्त्वाचे उत्तर महाराष्ट्राच्याच कातळात कोरलेले आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचाच मागोवा घेणार आहोत.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. परदेशातून आलेला तो देशांतरित आणि परजिल्ह्यातून आलेला तो स्थलांतरित, असा भेद आपण आज करतो. परंतु ही सीमारेषा राज्यसत्ता आखते व सत्ता बदलली की ती पुसली जाते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत कुरुंदा हे गाव निजामाच्या राज्यात होते. येथला मजूर पोटासाठी मुंबईस गेला तर तो एका राज्याचा प्रजाजन दुसऱ्याच्या अमलाखालील मुलखात गेलेला परका ठरत असे. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि तोच मजूर तेथला नागरिक ठरला. त्याचा ताप, त्याचा खोकला, त्याच्या बायकोचे बाळंतपण यांत मात्र त्यामुळे काहीच पालट झाला नाही. रोगाला सरहद्द ठाऊक नसते. तेव्हा उपचाराचा अधिकार सरहद्दीवर टांगून ठेवणे हे न्यायास धरून नाही, एवढे गृहीत धरूनच आपणांस पुढे जावयाचे आहे.

विनयातील आदेश

विनयपिटकाच्या महावग्गात चीवरविषयक प्रकरणात एक प्रसंग येतो. एक भिक्षू अतिसाराने आजारी होता आणि आपल्याच मलमूत्रात पडलेला होता. आयुष्मान आनंदांसह फिरत असताना तथागतांनी त्यास पाहिले. त्याची चौकशी केली तेव्हा कळले, की तो इतर भिक्षूंच्या उपयोगी पडला नव्हता, म्हणून त्याची शुश्रूषा करावयास कोणी पुढे आले नव्हते. तथागतांनी आनंदांकडून पाणी आणविले, स्वतः त्याच्या अंगावर पाणी घातले, आनंदांनी त्याचे अंग धुतले, आणि दोघांनी त्यास उचलून मंचकावर निजविले. त्यानंतर त्यांनी भिक्षुसंघास एकत्र बोलावून जे सांगितले त्याचा आशय असा : तुमची माता येथे नाही, तुमचा पिता येथे नाही, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर ती करणार कोण? ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची सेवा करावी.

हा प्रसंग करुणेचे उदाहरण म्हणून आपण नेहमी ऐकतो. त्यातील युक्तिवादाकडे मात्र आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. तथागतांनी रुग्णाच्या हक्काचा आधार म्हणून त्याची विद्वत्ता सांगितली नाही, त्याचे शील सांगितले नाही, की त्याची उपयुक्तताही सांगितली नाही. उपयुक्तता हा निकष तर भिक्षूंनी लावला होता, आणि तोच त्यांनी मोडून काढला. त्यांनी सांगितलेला आधार एकच होता. हा माणूस घर सोडून आला आहे आणि त्याचे आप्त येथे नाहीत. घरापासून दूर असणे हेच शुश्रूषेच्या अधिकाराचे मूळ ठरले. फडावरच्या कोपीत तापाने फणफणलेल्या स्त्रीस हे कारण शब्दशः लागू पडते.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. तथागत केवळ उपदेश करून थांबले नाहीत. त्यांनी नियम घालून दिला. रुग्णाचा उपाध्याय असेल तर त्याने, आचार्य असेल तर त्याने, शिष्य किंवा सहाध्यायी असेल तर त्याने शुश्रूषा करावी. आणि यांपैकी कोणीच नसेल तर ती संघाने करावी. संघाने ती केली नाही तर तो दोष मानला गेला. शुश्रूषा करणारा कसा असावा हेही सांगितले : त्याला औषधयोजना कळावी, पथ्यापथ्य कळावे, मलमूत्र व वांती काढताना त्याला किळस वाटू नये, आणि त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी. ज्याचे कोणी नाही त्याची जबाबदारी कोणावरच नाही, असे जग म्हणते. विनयाने मात्र ती जबाबदारी संस्थेवर टाकली आणि ती टाळणाऱ्या संस्थेस दोषी ठरविले.

जीवकाच्या प्रसंगाचा धडा

याच परंपरेतील एक अडचणीचा प्रसंगही येथे नमूद केला पाहिजे, कारण इतिहास लिहिताना सोयीचे तेवढेच उचलणे आपणांस शोभणार नाही. मगधात एकदा कुष्ठ, गंड, किलास, क्षय आणि अपस्मार या पाच रोगांची साथ पसरली. जीवक हा राजाचा आणि संघाचा वैद्य होता. इतर रुग्णांकडे पाहण्यास त्याला सवड नव्हती. तेव्हा पुष्कळ रोगी उपचार मिळावेत म्हणून प्रव्रज्या घेऊ लागले. त्यांच्यापैकी एक जण बरा होताच चीवर टाकून घरी परतला. हे जीवकाच्या दृष्टीस पडले. त्याने तथागतांकडे तक्रार केली, आणि या पाच रोगांनी पीडित असलेल्यांस प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला.

वरवर पाहता हा नियम कठोर वाटतो. परंतु त्यामागची वस्तुस्थिती विचारात घेण्यासारखी आहे. वैद्य एका कुंपणाच्या आत होता आणि रोगी बाहेर होते. म्हणून रोग्यांना कुंपणाच्या आत येण्यासाठी वेष बदलावा लागला. जेथे उपचार हा सदस्यत्वाचा मोबदला होतो तेथे श्रद्धा खोटी पडते आणि उपचारही अपुरे पडतात. धर्माच्या नावाने रुग्णसेवा करणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती कोणत्याही धर्माची असो, हा धडा गिरवावा असे आम्हांस वाटते. रुग्णास त्याचा धर्म, जात किंवा प्रांत विचारून औषध देणे हे औषध विकण्यासारखेच आहे. फक्त त्याची किंमत पैशात घेतली जात नाही, इतकाच फरक.

सम्राट अशोकांनी हे कुंपण काढून टाकले. त्यांच्या दुसऱ्या शिलालेखात दोन प्रकारच्या चिकित्सांचा उल्लेख आहे, मनुष्यांची आणि पशूंची. या चिकित्सांची सोय त्यांनी आपल्या राज्यात तर केलीच, शिवाय चोल, पांड्य, सातियपुत्र, केरलपुत्र, ताम्रपर्णी आणि यवनराज अंतियोक यांच्या सीमावर्ती प्रदेशांतही केल्याचे ते सांगतात. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणून लावल्या. रस्त्यांवर विहिरी खोदल्या आणि झाडे लावली. या लेखात चिकित्सा आणि रस्ता एकत्र येतात, हे ध्यानात घ्यावे. ज्या राज्यात माणसे चालत असतात त्या राज्याने त्यांच्या वाटेवर पाणी, सावली आणि औषध ठेवावे, ही राजधर्माची कल्पना इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातली आहे. आपल्या सोपारा येथेही अशोकांच्या शिलालेखांचे अवशेष सापडलेले आहेत. तेव्हा ही राजवाणी महाराष्ट्राच्या बंदरापर्यंत पोहोचली होती यात शंका नाही.

त्रिरश्मी पर्वतावरील शकनिका

आता महाराष्ट्रातील लेण्यांकडे वळू. मराठवाड्यातच कन्नडजवळ पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथील दानलेखांत वच्छीपुत्र मगिल या राजवैद्याचे नाव येते. त्याचा पुत्र दतक व कन्या दता यांचीही दाने तेथे नोंदलेली आहेत. एका वैद्याचे सारे कुटुंब संघाचे दायक होते, ही गोष्ट वैद्यक आणि विहार यांचा संबंध किती जुना आहे हे दाखविते.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा पुरावा नाशिकच्या त्रिरश्मी पर्वतावर, म्हणजे आज ज्यांना पांडवलेणी असे चुकीचे नाव पडले आहे त्या बौद्ध लेण्यांत आहे. आभीर शिवदत्ताचा पुत्र राजा माढरीपुत्र ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षातील हा लेख इ. स. च्या तिसऱ्या शतकातील आहे. दान देणारी स्त्री आपला परिचय सविस्तर देते : शक अग्निवर्म्याची कन्या, गणपक रेभिलाची पत्नी, गणपक विश्ववर्म्याची माता, शकनिका उपासिका विष्णुदत्ता. सर्व प्राणिमात्रांच्या हितसुखासाठी, त्रिरश्मी पर्वतावरील विहारात राहणाऱ्या चारी दिशांच्या भिक्षुसंघातील रुग्णांच्या औषधासाठी, आपण अक्षयनीवी ठेवली आहे, असे ती सांगते. या नीवीपैकी १००० कार्षापणे कुलरिकांच्या श्रेणीकडे आणि २००० कार्षापणे ओदयंत्रिकांच्या, म्हणजे जलयंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेवली. तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीचाही उल्लेख लेखात आहे.

या लेखातील प्रत्येक शब्द तोलून पाहण्यासारखा आहे. शक हे मध्य आशियातून सिंधच्या मार्गाने या देशात आलेले लोक. विष्णुदत्तेच्या घराण्याने येथली नावे घेतली होती, तिचा पती आणि पुत्र अधिकारपदावर होते. तरीही तिने आपले शकत्व लपविले नाही. परक्या मुलखातून आलेल्या कुळातील एक स्त्री, महाराष्ट्राच्या डोंगरात, येथे येणाऱ्या प्रत्येक आगंतुकाच्या औषधाची तजवीज करते. 'चारी दिशांचा संघ' याचा अर्थच असा, की पूर्वेकडून आलेला असो वा पश्चिमेकडून, ओळखीचा असो वा अनोळखी, विहाराच्या दारात पाऊल ठेवताच तो त्या औषधाचा हक्कदार झाला. कोणत्या देशीचा, कोणत्या कुळाचा हा प्रश्न तेथे उरला नाही.

अक्षयनीवी म्हणजे काय, हेही थोडे स्पष्ट करू. मूळ रक्कम खर्च करावयाची नाही, फक्त तिच्या व्याजावर कार्य चालवावयाचे, अशी ही कायमठेव होय. याच लेण्यांत तिच्याआधी नहपानाचा जावई उषवदात, तोही शकच, याने वर्ष ४२ मध्ये ३००० कार्षापणांची अशी नीवी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली होती. त्यांपैकी २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक आणि १००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते, आणि त्या व्याजातून भिक्षूंची चीवरे आदी खर्च भागत होता. विष्णुदत्तेने हीच पद्धत औषधासाठी वापरली. तिने रक्कम एकाच हाती दिली नाही, निरनिराळ्या श्रेणींत विभागली; म्हणजे एक श्रेणी बुडाली तरी रुग्णाचे औषध बुडू नये. शिवाय हा करार तिने दगडावर कोरून जाहीर केला. दान देणाऱ्याची मर्जी फिरली, वारस बदलले, राजा गेला, तरी रुग्णास आपला हक्क वाचून दाखविता येईल अशी ही व्यवस्था होती. कनवाळूपणाला तिने कायद्याचे बळ दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी प्रवासी फाहियान पाटलिपुत्रास आला, तेव्हा तेथील धनिक गृहस्थांनी चालविलेली मोफत रुग्णालये त्याने पाहिली. दरिद्री, अनाथ, अपंग आणि रोगी तेथे येत. वैद्य त्यांस तपासत. अन्न आणि औषध मिळे, आणि बरे झाल्यावर ते आपल्या वाटेने जात. भिक्षुसंघापुरती असलेली सोय तोवर सर्वसामान्य जनांपर्यंत आलेली होती.

प्लेगची साथ आणि सत्यशोधक

बौद्ध विहार उजाड झाल्यानंतरच्या दीर्घ काळात आगंतुक रुग्णाचा वाली कोण होता, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. आधुनिक महाराष्ट्रात मात्र हा प्रश्न गिरण्यांच्या मुंबईत पुन्हा उभा राहिला. कोकणातून आणि देशावरून आलेले मजूर चाळींत दाटीने राहत होते. त्यांच्या आजारपणाची आणि अपघाताची दखल घेणारा पहिला आवाज सत्यशोधक समाजातून उठला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून जे निवेदन केले, त्यावर सुमारे ५५०० कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्याची सुटी आणि दुपारची विश्रांती या मागण्या सर्वांस ठाऊक आहेत. त्याच निवेदनात असेही मागितले होते, की कामावर जखमी झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, आणि तो कायमचा निकामी झाला तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. आजारपणात खाडा लावू नये, हीच ती मागणी होती. १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. या दुसऱ्या मागणीस मात्र बरीच वर्षे वाट पाहावी लागली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. साथ पसरताच परगावचा मजूर हाच रोगाचा वाहक, अशी समजूत दृढ झाली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा आला. स्टेशनांवर प्रवाशांची तपासणी, सक्तीने वेगळे ठेवणे, घरांच्या झडत्या हे सारे सुरू झाले. निरनिराळ्या जातींनी व धर्मसमुदायांनी आपापल्या लोकांसाठी स्वतंत्र रुग्णालये काढली. ज्या समुदायाकडे धन होते त्याचे रुग्ण आपल्या माणसांच्या हाती पोहोचले. ज्यांच्याकडे धन नव्हते ते सरकारी छावणीच्या भीतीने लपून राहिले किंवा शहर सोडून पळाले. जीवकाच्या वेळचे कुंपण येथे जातीजातींनी पुन्हा उभारले होते. लोखंडे या साथीत रुग्णसेवेची व्यवस्था लावीत असतानाच प्लेगने गाठले जाऊन ९ फेब्रुवारी १८९७ रोजी निवर्तले.

पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनी आपला दत्तक पुत्र डॉ. यशवंत यास बोलावून घेतले आणि हडपसर भागात ससाणे यांच्या माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलास प्लेगची गाठ आल्याचे कळताच त्या तेथे गेल्या आणि त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला; सावित्रीबाईंस मात्र संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या मुलास शिवण्यासही तत्कालीन समाज तयार नव्हता, त्यास प्लेगच्या दिवसांत पाठीवर घेणे, यातील धैर्य वेगळे सांगावयास नको. विनयात शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी जे गुण सांगितले आहेत, ते येथे एका सत्यशोधक स्त्रीने आचरणात आणले. तिने ते विनय वाचून केले नाही. मनुष्यमात्र एका निर्मिकाची लेकरे आहेत, या सत्यधर्मावरील निष्ठेतून ते घडले. मार्ग निराळा असेल. रुग्णासमोर दोघे एकाच ठिकाणी येऊन उभे राहिले.

बाबासाहेबांनी दिलेले कायद्याचे अधिष्ठान

सावित्रीबाईंचे बलिदान थोर होय. परंतु व्यक्तीच्या बलिदानावर व्यवस्था उभी राहत नाही. ती उभी करण्याचे कार्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाती घेतले. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकास पाठिंबा देताना त्यांनी अशी भूमिका मांडली, की मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा बराच भार शासनाने उचलावयास हवा. परंतु शासन तो उचलीत नाही तोवर, जो मालक त्या स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेतो त्याने तो सोसणे रास्त आहे. १९२९ मध्ये हा कायदा झाला.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ च्या डिसेंबरात त्यांनी धनबादच्या कोळसाखाणींना भेट दिली. तेथील मजूर मुख्यतः परमुलखातून आलेले होते. जानेवारी १९४४ मध्ये कोळसाखाण मजूर कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. पुढे त्या निधीतून खाणपट्ट्यात रुग्णालये उभी राहिली. कोळशावर बसविलेल्या उपकराचा हा निधी म्हणजे आधुनिक काळातील अक्षयनीवीच होय, असे आम्हांस वाटते. एका उपासिकेची ठेव तेथे एका उद्योगाचे दायित्व झाली. त्यांच्याच कारकिर्दीत अडारकर यांनी आरोग्यविम्याची योजना १९४४ मध्ये सादर केली, आणि तीतून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकारास आला.

येथे मात्र एक छिद्र राहून गेले, आणि आमचा ऊसतोड कामगार नेमका त्याच छिद्रातून खाली पडला. १९४८ च्या त्या कायद्यातून हंगामी कारखाने वगळण्यात आले, आणि साखर कारखान्याचे नाव त्या हंगामी कारखान्यांच्या यादीत होते. शिवाय ऊसतोड कामगार हा कारखान्याचा नोकर मानला जात नाही. तो मुकादमाचा माणूस गणला जातो. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने कंत्राटदारावर मोफत वैद्यकीय सोयीचे बंधन घातले खरे, पण ते एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांपुरते. हिंगोलीचा मजूर कर्नाटकात गेला तर त्यास तो कायदा लागू व्हावयाचा. तोच कोल्हापुरास गेला तर नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता अमलात आल्या आणि जुने कायदे त्यांत विलीन झाले. कागद बदलला, फडावर त्याचा प्रकाश कितपत पोहोचतो, हे पाहणे आता आपले काम आहे.

या छिद्राची किंमत कोणी मोजली, हे एका शासकीय पाहणीने दाखविले. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये नेमलेल्या डॉ. नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत, बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. दर महिन्याचा खाडा, फडावर नसलेली शौचालये, अंगावर काढलेले दुखणे, आणि वेळेवर न मिळालेला साधा उपचार यांची ही बेरीज आहे. पुढच्याच वर्षी टाळेबंदीत, ८ मे २०२० रोजी पहाटे, जालन्याहून मध्य प्रदेशाकडे पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रेल्वेरुळावर मालगाडीखाली मरण पावले. अशोकांनी वाटेवर विहिरी आणि झाडे ठेवली होती. या मजुरांच्या वाट्यास मराठवाड्याच्या भूमीवर निजावयास रूळ आले.

आजच्या विहाराचे कर्तव्य

धर्मांतरानंतर आपल्या समाजाने या दिशेने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. १९८० च्या दशकात पुण्याच्या दापोडी भागातील झोपडवस्तीत त्रैलोक्य बौद्ध महासंघाशी संलग्न अशा 'बहुजन हिताय' या संस्थेने आरोग्यकार्य चालविले. त्यास इंग्लंडमधील बौद्धांनी १९८० मध्ये स्थापिलेल्या 'एड फॉर इंडिया' या संस्थेचे, म्हणजे पुढील करुणा ट्रस्टचे, साहाय्य मिळाले. दूर देशीच्या उपासकांचे दान पोटासाठी शहरात आलेल्यांच्या वस्तीत पोहोचले, हा चारी दिशांच्या संघाचाच प्रत्यय म्हटला पाहिजे.

परंतु शहरातील संस्थांवर विसंबून कुरुंद्यासारख्या गावातील प्रश्न सुटणार नाही. ऊसपट्ट्यातील गावोगावच्या विहारसमित्यांनी तो आपला मानला पाहिजे. त्यासाठी मोठे रुग्णालय बांधावे लागत नाही. टोळ्या उतरल्या की दोन-चार तरुणांनी आणि भगिनींनी फडावर जावे. गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालील बालके, क्षयाचे औषध चालू असलेले रुग्ण यांची यादी करावी, आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रास लेखी देऊन पोच घ्यावी. नाव वहीत चढले की हक्काला जागा मिळते. ग्रामसभेत ठराव मांडावा, की या शिवारात आजारी माणसास खाडा लागणार नाही, आणि त्या ठरावाची प्रत कारखान्यास आणि मुकादमास द्यावी. रुग्णासोबत दवाखान्यात जाणारा एक माणूस विहाराने नेमावा. परक्या गावात एकट्याने गेलेल्या अडाणी मजुरास बाहेर तिष्ठत ठेवले जाते, हे आपण जाणतो. आणि विष्णुदत्तेचे स्मरण म्हणून प्रत्येक विहाराने लहानशी का होईना, औषधाची अक्षयनीवी ठेवावी. पौर्णिमेच्या दानातील ठराविक हिस्सा बँकेत कायमठेव म्हणून टाकावा, व्याज तेवढे खर्चावे, आणि हिशेब विहाराच्या भिंतीवर लावावा.

यावर काही धम्मबांधव विचारतील, की आपल्याच समाजाची दुःखे पुष्कळ असताना परक्यांचा भार आपण का वाहावा? त्यांस आमचे उत्तर असे आहे. फडावर येणाऱ्या टोळ्यांत बौद्ध आहेत, तसेच बंजारा, वंजारी, मातंग, मराठा, मुसलमान, आदिवासीही आहेत. त्यांत निवड करू लागलो की आपण १८९७ च्या मुंबईतील जातवार रुग्णालयांच्या रांगेत जाऊन बसू. दुसरे असे, की आपल्या गावातील कुटुंबे याच क्षणी दुसऱ्या कोणाच्या शिवारात परकी म्हणून राबत असतात. तेथे त्यांस जे मिळावे अशी आपली इच्छा आहे, ते येथे देणे हाच त्याचा सरळ मार्ग होय. आणि तिसरे, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांविषयी दया बाळगण्याची प्रतिज्ञा आहे. तिच्यात गावाची सीमा घातलेली नाही.

वर्षावासाच्या तीन महिन्यांत गावोगावच्या विहारांतून 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. बाबासाहेबांनी त्या ग्रंथात आजारी भिक्षूची तथागतांनी केलेली शुश्रूषा मुद्दाम समाविष्ट केली आहे, आणि ती आपण दरवर्षी ऐकतो. आश्विन पौर्णिमेस वर्षावास संपतो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या शिवारात उतरतात. ग्रंथाचे वाचन संपणे आणि आगंतुकांचे येणे यांत हे जे चार-आठ दिवस मिळतात, ते तयारीचे आहेत. या वर्षी ग्रंथसमाप्तीच्या दिवशीच विहारसमितीने फडावर जाणाऱ्यांची नावे ठरवावीत, अशी आमची सर्व उपासक-उपासिकांस विनंती आहे.